पोपिंगांच्या घरातली एकच अँटेना

आमच्या समुद्रकाठच्या ओस्टरझीलमध्ये आजही कुणालाही विचारा, फोल्के पोपिंगाने नवऱ्यावरच्या रागाने विमान मेंढीच्या अंगावर घातलं आणि वर त्यालाच घराबाहेर काढून कोळशाच्या खोपटात झोपवलं, असं छातीठोकपणे सांगतील. बेकरीतली बाई तर मेंढीचं नावसुद्धा सांगते. आता मेंढपाळ हाब्बोच्या मेंढ्या शेकड्यांनी, त्यांना कोण नावं ठेवत बसलंय! आणि तिचा नवरा वियार्ड त्या दिवशी आपल्याच गादीवर झोपला होता. त्यांच्या आणि माझ्या झोपायच्या खोल्यांमध्ये एका विटेची भिंत आहे, आणि वियार्डचं घोरणं दोन विटांतूनही ऐकू आलं असतं. तेव्हा एवढं आधी दुरुस्त करून घेते: विमान फोल्केचं, मेंढी हाब्बोची, राग वियार्डचा. पुढचं सगळं यातून आलं.

हे आज लिहिते आहे, कारण वियार्डला जाऊन दोन हिवाळे झाले. फोल्केला विचारलं, तर म्हणाली, "लिही. इतकी वर्षं गप्प राहिलीस, आणखी राहिलीस तर तुलाच काहीतरी होईल."

फोल्के दिसायला कुणी विशेष नाही. बुटकी, रुंद, केस सदा वाऱ्याच्या ताब्यात. बाप कोळंबीच्या बोटीवर होता. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ती टेबलाशी बसून कोळंबी सोलत आली, त्यामुळे बोटं अशी तयार, की बोलता बोलता तुमच्या स्वेटरचा निघालेला धागा काढून घेईल आणि तुम्हाला घरी गेल्यावर कळेल. पुढे बंदरावरच्या शेडमध्ये तिने ताडपत्र्या आणि तंबू शिवले. वियार्ड तिथून जवळच, गाव आणि समुद्र यांच्यामधल्या उंच बांधाच्या झडपांवर कामाला. ओहोटीला झडपा उघडायच्या, भरतीला लावायच्या, आणि मधल्या वेळात वाऱ्याकडे बघत बसायचं. माणूस फार कमी बोलायचा, आणि बोललाच तर वाऱ्याबद्दल. "निदान हवामान तरी घरबसल्या कळेल म्हणून लग्न केलं," असं फोल्के त्याच्यासमोरच सांगायची. तो मान डोलवायचा.

मूलबाळ झालं नाही. वियार्डला मग रेडिओवर चालणाऱ्या विमानांचा नाद लागला. बिनइंजिनाची विमानं ती. समुद्रावरून आलेला वारा बांधाला आपटून वर चढतो, त्यावर ती घारीसारखी तरंगतात. पंख माणसाहून लांब. खाली उभ्या माणसाच्या गळ्यात ट्रान्समीटरची पेटी, पेटीला दोन छोट्या दांड्या, आणि वर ती अँटेना, दुर्बिणीसारखी ओढून लांब करायची. फोल्के आधी नुसती चहाचा थर्मास घेऊन जायची. एकदा वियार्डच्या डोळ्यात चिलट गेलं. "धर गं जरा," म्हणून त्याने पेटी तिच्या हातात दिली. चिलट निघालं. पेटी निघाली नाही. त्या दिवशी वियार्डने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा ओतून घेतला.

नाताळात त्याने तिच्यासाठी अगदी तसलीच दुसरी पेटी आणली, चॅनेलही तोच. आणि त्याच आठवड्यात गाडीच्या दारात एक अँटेना चेचली गेली. त्यानंतरची चर्चा मी स्वतः ऐकली, मी साखर मागायला गेले होते. म्हणजे साखर होती माझ्याकडे, पण चर्चा रंगात आली होती.

"नवी आणू या," वियार्ड म्हणाला.

"कशाला? चॅनेल एकच. दोन्ही पेट्या एकदम बोलायला लागल्या तर वर त्या विमानाने ऐकायचं कुणाचं? तुझं की माझं?"

"माझं."

"बघितलंस टोम्मा? म्हणून सांगते, एकच पुरे."

दुसऱ्या चॅनेलचा क्रिस्टल बसवून घेतला असता तर दोघांना एकदम उडवता आलं असतं, नाही असं नाही. पण मग चहा कोण ओतणार, यावर गाडी अडली आणि तिथेच राहिली.

तेव्हापासून त्या घरात अँटेना म्हणजे राजदंड झाला. ज्याच्या पेटीवर अँटेना त्याचं आकाश. दुसऱ्याने खुर्चीवर बसून टीका करायची. दोघांचं बिनसलं की एक जण अँटेना घेऊन बांधावर चालू पडायचा आणि दुसरा घरात बटाटे सोलायचा. मी खिडकीतून अँटेना कुणाच्या हातात आहे ते बघायची आणि त्यावरून त्यांच्या घरातली बातमी गावाला द्यायची. क्वचितच चुकले असेन.

ही पद्धत आमच्या विमानवाल्यांच्या मंडळाला इतकी पटली, की बांधाखालच्या खोपटात ओन्नोने भिंतीला खिळेच ठोकले. ओन्नो म्हणजे आमचा निवृत्त पोस्टमन, मंडळाचा अध्यक्ष. एका चॅनेलला एक खिळा आणि एकच अँटेना. त्या चॅनेलवर चार पेट्या असोत की पाच, उडवायचं त्याने खिळ्यावरची अँटेना घ्यायची, लावायची, झालं की परत टांगायची. पोपिंगांची तेवढी घरी राहायची, त्या चॅनेलवर दुसरं कुणी नव्हतंच. अँटेना नसलेली पेटी मुकी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कुणी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

मग एका मार्चमध्ये वियार्डला पक्षाघाताचा झटका आला.

हात-पाय परत आले, बोलणं परत आलं. म्हणजे आधी जेवढं होतं तेवढं. डावीकडचं जग मात्र परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, पण डावीकडचं डोक्यापर्यंत पोचत नाही, आणि वाईट हे, की पोचत नाही हेही त्याला कळत नाही. ताटातले उजवीकडचे बटाटे तो संपवायचा आणि म्हणायचा, "आज कमी उकडलेस." फोल्के ताट फिरवायची. डावीकडची चौकट खांद्याला लागली की, "हे दार सरकलंय, सुताराला बोलाव." चष्मा दोनदा बदलून घेतला आणि दोन्ही वेळा चष्मेवाल्याला मूर्ख ठरवलं.

गाडीची किल्ली डॉक्टरांनी काढून घ्यायला लावली तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपल्यातच काहीतरी मोडलंय. आणि तो बसला. नुसता बसला, स्वयंपाकघरातल्या बाकावर, हात मांडीवर पालथे टाकून. बोलणं नाही, वाऱ्याबद्दलसुद्धा नाही. कित्येक दिवस भिंतीपलीकडून एक आवाज येईना. मी ग्लास लावून ऐकलं, तरी नाही. त्या वेळी फोल्के माझ्याकडे कात्री मागायला आली आणि कात्री न घेताच रडून गेली. मग एके दिवशी वियार्डनेच ठरवून टाकलं, की डॉक्टरही मूर्ख आहे. त्याचा आवाज परत आला. मी आणि फोल्के, दोघींनी डॉक्टरला मनातल्या मनात मूर्ख होऊ दिलं.

मे महिन्यात त्याने हात पुढे केला. "अँटेना."

"आज वारा फिरतोय," फोल्के म्हणाली.

वारा फिरत नव्हता. वियार्डला ते तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. पण त्याने हात मागे घेतला. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "मी आधी जरा बघते." त्याच्या पुढच्या खेपेला काही म्हणावंच लागलं नाही. तिने अँटेनेला छत्रीच्या कापडाची पिशवी शिवली आणि ती कोटाच्या आत बाळगू लागली. बांधावर सायकलवाले येतात, पोरं घसरगुंडी करतात. ज्याला अर्धंच आकाश दिसतं त्याच्या हातात दोन किलोचं विमान कसं द्यायचं? आणि नाही दिलं तर का नाही दिलं, हे कसं सांगायचं?

तिने मधला रस्ता काढला. रविवारी त्याला घेऊन यायची. घडीची खुर्ची, पायांवर घोंगडी, आणि मांडीवर त्याची स्वतःची पेटी. ती उडवायची, तो हुकूम सोडायचा. "डावीकडे घे! नाक वर! अगं, शिवणयंत्र चालवतेस का?" बोलता बोलता तिच्या दांड्यांबरोबर त्याचे अंगठेही त्याच्या पेटीवर हलायचे. दर शनिवारी तो बॅटरी भरून ठेवायचा.

एकदा त्याने विचारलं, "चालू करू का?"

"कर की," फोल्के म्हणाली. "अँटेना नाही तुझ्यावर, काय होणार आहे?"

पेटीवरचा काटा टुणकन वर आला. वियार्डचा चेहरा इतका उजळला, की मी आणि फोल्केने दुसरीकडे बघितलं. तेव्हापासून चालू करणं हे ठरूनच गेलं. सगळं मंडळ बघत होतं, ओन्नोही बघत होता. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. खुर्ची खोपटापाशी असायची आणि विमानं पार तिकडे, पाण्याच्या बाजूला.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी मात्र वियार्ड म्हणाला, "इथून मला नीट दिसत नाही. ऊन डोळ्यांवर येतं."

ऊन कुठेच नव्हतं. आभाळ बोक्यासारखं करडं होतं.

"मग कुठे बसायचंय राजेसाहेबांना?" मी विचारलं.

"तिथे. विमान उतरतं तिथे. ही कशी उतरवते ते बघायचंय मला जवळून."

फोल्केने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. खुर्ची हलली. उतरायचं गवत हाब्बोच्या कुंपणाला लागून होतं, पलीकडे मेंढ्या चरत होत्या. मी वियार्डच्या शेजारी थर्मास घेऊन बसले. फोल्के वर बांधाच्या माथ्यावर गेली, अँटेना ओढून लांब केली आणि आपलं तांबड्या पंखांचं विमान वाऱ्यावर सोडलं. सुरेख उडवलं तिने. उडवायचीच ती सुरेख. लांब असताना ते विमान खालच्या बोलघेवड्या पेटीचं ऐकत नव्हतं.

मग ती उतरायला आली. तांबडं विमान बांधावरून वळून खाली आलं, आमच्या डावीकडून, गवतावर जेमतेम छातीएवढं वर. वियार्डच्या डावीकडून. म्हणजे वियार्डसाठी ते येतच नव्हतं. तो मान वर करून उजवीकडे बघत होता. तिथे ओन्नोचं पांढरं विमान घिरट्या घालत होतं, आणि वियार्ड ठामपणे समजत होता की ते फोल्केचं आहे. ओन्नोचं विमान उजवीकडे कललं. "अस्सं," वियार्ड म्हणाला, आणि त्याने अंगठ्याने दांडी पूर्ण उजवीकडे ढकलली.

आमच्या नाकासमोरून जाणारं तांबडं विमान त्याच क्षणी उजवीकडे वळलं, कुंपणावरून पलीकडे गेलं आणि मेंढ्यांत घुसलं.

ती मेंढी जो आवाज काढत होती तो इथे लिहीत नाही. मागचे दोन्ही पाय गेले होते. हाब्बो धावत आला, खाली वाकला आणि त्याने तिचं तिथेच संपवलं. मग तो उठला. हाब्बो आणि फोल्के एका वर्गातले, आयुष्यभर अरे-तुरे. त्या दिवशी तो म्हणाला, "पोपिंगाबाई, हे कसं झालं ते तुम्ही मला सांगा."

फोल्के बांधावरून धावत खाली आली होती. "मला माफ कर, हाब्बो."

"माफी नकोय मला. कारण हवंय. आज मेंढी गेली, उद्या कुणाचं पोर जाईल. बांध-मंडळाने तुम्हाला इथे उडवू दिलं ते माझ्या शब्दावर. पुढच्या रविवारपर्यंत मला कारण कळलं नाही, तर मी शब्द परत घेतो. सगळ्यांसाठी."

आणि या सगळ्यात वियार्ड खुर्चीवरून ओरडत होता, "मी सांगत होतो तिला! किती खालून आणतेस, किती खालून! माझ्या हातात असतं तर झालं असतं का हे?"

पेटी त्याच्या मांडीवर तशीच होती, काटा वर.

फोल्केने मोडकं विमान उचललं. माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "मी डावीकडे ओढत होते, टोम्मा. पूर्ण डावीकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून वियार्ड झोपल्यावर तिने मला कुंपणावरून हाक मारली. परसात गवतावर ते विमान ठेवलेलं, नाक फुटलेलं, पण शेपूट शाबूत. तिने माझ्या हातात वियार्डची पेटी दिली. अँटेना नसलेली.

"चालू कर. ही दांडी हलव."

मी हलवली. विमानाची शेपूट हलली.

"अगं बाई," मी म्हटलं.

"मागे जा. हलवत राहा."

मी मागे मागे चालले. बेरींच्या झुडपांपाशी शेपूट हलत होती. कपडे वाळत घालायच्या दांडीपाशी हलत होती. पार खताच्या ढिगाऱ्याशी मी पाठ लावली तेव्हा कुठे ती अडखळली, थरथरली आणि थांबली. मी एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा हलली. एखादा आंधळा मासा शेपटी हलवतो तशी. 

फोल्के पालथ्या बादलीवर बसली. "मीच म्हटलं होतं त्याला, चालू कर म्हणून."

"सगळ्यांनाच वाटत होतं तसं. ओन्नोलासुद्धा."

"ओन्नोने म्हटलं नव्हतं. मी म्हटलं." थोड्या वेळाने उठली. "चहा टाकते."

आमच्याकडे कितीही आभाळ कोसळो, खडीसाखरेवर चहा ओतला की ती तडकते तो आवाज ऐकल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. साखर तडकली, साय सोडली, मग मी म्हटलं, "सांगून टाक. कारण सापडलंय. हाब्बोला कारणच हवंय ना? बांध वाचेल."

"बांध वाचेल. मग ओन्नो वियार्डचं नाव काढेल. का काढलं ते त्याला सांगावं लागेल. तू डावीकडचं विमान बघितलं नाहीस, दुसऱ्याचं विमान आपलं समजलास, आणि तुझ्या हाताने मेंढी मेली, हे सगळ्यांसमोर. मग तो कुठल्या डॉक्टरला मूर्ख म्हणेल?"

"आणि नाही सांगितलंस तर बांध जाईल. पंचवीस-तीस माणसांचे रविवार जातील. त्याचाही जाईलच."

"हो."

"मग?"

तिने माझा कप पुन्हा भरला. "टोम्मा, तू गप्प बसशील?"

"मी?"

"तू."

"रविवारपर्यंत प्रयत्न करते."

"मी मरेपर्यंत."

"तू माझ्या मयताला चहा पिणार आहेस, मला ठाऊक आहे. इतकं नाही जमायचं."

"बरं, मग तो मरेपर्यंत."

चमचा कपात ठेवून मी चहा पुरे म्हणून खूण केली आणि हो म्हटलं. तो आठवडा मी कसा काढला ते देव जाणे. बेकरीत गेले तर तिथे चर्चा तीच. माझ्याकडे खरी बातमी, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि मी मनुकांचा पाव घेऊन गुपचूप घरी! बेकरीतल्या बाईने विचारलं, "बरं नाही का तुला?"

वियार्डला मात्र नवं बळ आलं होतं. नव्या पोस्टमनला अडवून सांगत होता, दूधवाल्याला सांगत होता, कुंपणावरून मला सांगत होता. "बायकांना वारा वाचता येत नाही, टोम्मा. इतकी वर्षं शिकवलं तिला. मेंढी म्हणजे काय काडी आहे का, दिसू नये?" मागे फोल्के कपडे वाळत घालत होती. त्याच दांडीवर.  चिमटे लावत राहिली.

"अरे, कधी चुकतं माणूस," मी दात आवळून म्हटलं.

"मी नाही चुकलो कधी," वियार्ड म्हणाला.

रविवारी खोपटात सगळे जमले. हाब्बो दाराशी उभा, टोपी न काढता. वियार्ड खुर्चीवर, मांडीवर पेटी. ओन्नो घसा खाकरून म्हणाला, "कारणं दोनच असू शकतात. एक तर हवेत कुणाचा तरी रेडिओ मध्ये आला. तसं असेल तर इथे कुणाचंच विमान भरवशाचं नाही, आणि आपण आजच कुलूप लावू, हाब्बोला बोलायची वेळ येऊ देणार नाही. नाहीतर हात चुकला. आता फोल्के, तुझा हात चुकलेला मी तरी कधी बघितलेला नाही. म्हणून तुलाच विचारतो."

सगळे तिच्याकडे बघत होते. माझी जीभ दातांमागे अशी फडफडत होती, की मी तोंडात रुमाल धरला आणि खोकल्याचं सोंग केलं.

"हात चुकला," फोल्के म्हणाली.

"कसा?"

 इतक्या वर्षांत तिने इतकी लबाडी कधी केली नव्हती. कोळंबी सोलताना एखादी तोंडात टाकणं वेगळं. "विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं ना. माझा गोंधळ झाला. डावीकडे घ्यायचं ते उजवीकडे घेतलं."

कुणीतरी मागे हसलं. ही चूक इथे पहिल्याच दिवशी पोरं करतात, आणि दुसऱ्या दिवसापासून एकमेकांना त्यावरून चिडवतात. ओन्नोची बायकोसुद्धा ही चूक करत नाही, आणि तिला उडवताच येत नाही.

"डावं-उजवं!" वियार्ड ओरडला. "ऐकलंत? पोपिंगाच्या बायकोला डावं-उजवं कळत नाही!"

फोल्केने त्याच्याकडे बघितलं नाही. हाब्बोकडे बघितलं. "कारण हवं होतं ना. हे कारण."

 मग ओन्नो म्हणाला, की असं असेल तर ते चॅनेल पुढच्या वसंतापर्यंत बंद. अँटेना इथल्या खिळ्यावर टांगायची.

"म्हणजे माझंही बंद?" वियार्ड उठायला गेला. "हिच्या वेंधळेपणासाठी मी घरी बसायचं?"

"चॅनेल एक, अँटेना एक, वियार्ड. शिक्षा अँटेनेला आहे."

"आणखी एक," फोल्के म्हणाली. "ज्याच्याकडे अँटेना नाही त्याने पेटी खोपटात ठेवायची. बॅटरी काढून. सगळ्यांनी."

"का बरं?" मागून कुणीतरी विचारलं.

"मांडीवर पेट्या दिसल्या की माझं लक्ष उडतं."

पुन्हा हशा. ओन्नो हसला नाही. त्याने वियार्डच्या मांडीवरच्या पेटीकडे बघितलं, मग कुंपणाच्या दिशेने खिडकीबाहेर, मग फोल्केकडे. पोस्टमन माणूस, आयुष्यभर पाकिटं न उघडता आतलं ओळखत आला. "ठरलं," एवढंच म्हणाला. "आजपासून. कारण विचारायचं नाही."

फोल्केने कोटातून छत्रीच्या कापडाची पिशवी काढली. अँटेना बाहेर काढून तिने ती बाहीला पुसली, आणि टांगताना तिचा खिळा दोनदा हुकला. मी बघितलं. त्या बोटांना हुकताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

हाब्बो दारातून बाजूला झाला. "जा फोल्के," तो म्हणाला. "आणि थंडीत मोजे घालत जा हाताला."

त्या दुपारी भिंतीपलीकडून वियार्डचा आवाज थांबेना. डावं-उजवं, वेंधळेपणा, मेंढी, पुन्हा डावं-उजवं. मी केक कापून निमित्त केलं आणि मागच्या दाराने गेले. तो बाहेरच्या खोलीत बडबडत होता, ती स्वयंपाकघरात बटाट्यांची सालं काढत होती. मला तिचं वाईट वाटत होतं, आणि मला वाईट वाटलं की मी भांडते.

"गाव हसतंय तुला," मी म्हटलं. "उद्या बेकरीत उभं राहायची सोय नाही तुझी. तुझं उडवणं गेलं, तुझं नाव गेलं, आणि ज्याच्यासाठी गेलं तोच सगळ्यात मोठ्याने ओरडतोय. त्या भिंतीतून ऐकून माझं डोकं फुटायची वेळ आली. तू कसं ऐकून घेतेस?"

फोल्केने साल लांबच लांब उतरवली आणि सुरी खाली ठेवली.

"ओरडू दे की. हिवाळाभर माझ्या नावाने ओरडत बसला तरी चालेल मला. स्वतःच्या हातांकडे बघत बसलेला नाही चालणार. आणि तुला आवाजाचा त्रास होत असेल, तर भिंतीला तो ग्लास लावणं बंद कर."